दुसरी शस्त्रक्रिया वजनकाट्यावर ठरत नाही

ओपीडीची गर्दी ओसरल्यावर, अगदी शेवटी आत येणारे रुग्ण बहुधा काहीतरी मनात घेऊन आलेले असतात. गेल्या पावसाळ्यात अशीच सत्तेचाळीस वर्षांची एक बाई आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) आमच्या पाटण तालुक्यातल्या अनेक घरांसारखेच तिचेही घर, नवरा मुंबईला माथाडी कामगार, सगळी उमेद तिकडे गेली आणि करोनानंतर दोघे गावी परतले. २०१८ साली मुंबईकडच्या एका खासगी रुग्णालयात तिने वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती. तेव्हा वजन होते ११८ किलो. दीड वर्षात ते ८२ वर आले. आता पुन्हा १०१.

‘‘मॅडम, ऑपरेशन फुकट गेलं बघा,’’ ती म्हणाली. ‘‘चूक माझीच. जीभ आवरली न्हाई. आता दुसरं करा म्हणत्यात. पहिल्यापेक्षा पावरफुल हाय म्हणे. करू का?’’

मी तिला वजनाचे काही विचारले नाही. विचारले, ‘‘झोप लागते का, ताई?’’

‘‘झोपते कुठं, बसूनच असते. तीन उशा लागत्यात. आडवं झालं की घशाशी आंबट येतंय, मग खोकला.’’

किती दिवस? ‘‘झाली की चार वर्सं.’’ हे कुणाला सांगितले होते का? नाही, कारण कुणी विचारलेच नव्हते. फोनवरून दुसऱ्या शस्त्रक्रियेचे पॅकेज सांगणाऱ्याने फक्त उंची आणि वजन विचारले होते.

वजनाची पहिली शस्त्रक्रिया अपुरी पडल्यावर दुसरी करावी का, आणि कोणती, हा प्रश्न आता फक्त मुंबई-पुण्याचा राहिलेला नाही. शहरात शस्त्रक्रिया होते, आणि माणूस गावी परततो. मी सर्जन नाही. ही शस्त्रक्रिया आमच्या सरकारी रुग्णालयात होतही नाही. पण तिच्यानंतरची वर्षे आमच्या दारात येतात. त्या अनुभवावरून माझे मत असे आहे की दुसरी शस्त्रक्रिया दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरली पाहिजे. पहिल्या वेळी नेमके काय कमी पडले? आणि नव्या शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य या माणसाला आपल्या गावात राहून निभावता येईल का? काट्यावरचा आकडा या दोन्हींनंतर येतो.

‘नापास’ कोण झाले?

आधी त्या ‘चूक माझीच’चे बघू. वजन परत वाढलेला जवळजवळ प्रत्येक रुग्ण हेच म्हणतो, आणि याच शरमेने तो तपासणीला जाणे बंद करतो. वजन वाढत असताना जिथे जायला हवे, नेमके तिथेच जायला त्याला तोंड राहत नाही.

विज्ञान काय सांगते? स्वीडनमध्ये १९८७ पासून सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या दोन हजारांवर लोकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. पहिल्या एक-दोन वर्षांत वजन सर्वांत खाली गेले, नंतर थोडे थोडे वर चढले आणि मग स्थिरावले. वीस वर्षांनी सरासरी घट मूळ वजनाच्या १८ टक्के उरली. मधुमेह असलेल्यांपैकी ७२ टक्के लोक दोन वर्षांनी मधुमेहमुक्त होते; पंधरा वर्षांनी तसे सुमारे ३० टक्के राहिले. तरीही शस्त्रक्रिया न केलेल्यांपेक्षा त्यांच्यात मृत्यू कमी झाले. म्हणजे काही किलो परत येणे हा नियम आहे, आणि ते परत आले म्हणून शस्त्रक्रिया वाया गेली असेही होत नाही.

कारण लठ्ठपणा हा दीर्घकाळ चालणारा आजार आहे. वजन उतरले की शरीर ते संकट समजते. भूक वाढवते, खर्च कमी करते. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या चौदा जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली, त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. बहुतेकांचे वजन बरेचसे परत आले होते, पण शरीर अजूनही अपेक्षेपेक्षा रोज सुमारे पाचशे कॅलरी कमी जाळत होते. त्यांचा निश्चय कमी होता असे कोण म्हणेल?

म्हणूनच या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अलीकडे शब्दच बदलले. ‘फेल’ म्हणू नका, असे त्यांचे म्हणणे. शस्त्रक्रियेनंतर एकूण वजनाच्या वीस टक्केसुद्धा उतरले नाही तर ‘प्रतिसाद अपुरा’, आणि उतरलेल्या वजनापैकी तीस टक्क्यांहून जास्त परत आले तर ‘वजनाची पुनर्वाढ’. आमच्या ताईंचे ३६ किलो उतरले होते, म्हणजे तीस टक्के. पहिला प्रतिसाद उत्तम होता. त्यातले १९ किलो परत आले, म्हणजे निम्म्याहून जास्त. हा पुनर्वाढीचा मामला. बीपीची गोळी पुरेनाशी झाली की आपण दुसरी गोळी जोडतो. रुग्णाला नापास करत नाही. इथेही तसेच हवे.

मुळात अर्धीच असलेली शस्त्रक्रिया

आपल्याकडे बहुतेकांची झालेली असते ती ‘स्लीव्ह’. जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी ठेवतात. आतड्याला हात लागत नाही. जठराच्या वरच्या फुगीर भागात भुकेचे घ्रेलिन नावाचे संप्रेरक तयार होते, तोही भाग जातो, त्यामुळे सुरुवातीला भूक मंदावते.

फार थोड्या रुग्णांना माहीत असते की ही शस्त्रक्रिया आली ती एका मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा म्हणून. अतिशय जास्त वजनाच्या रुग्णाला एकदम सगळे सोसणार नाही, म्हणून आधी जठर लहान करायचे, वजन थोडे उतरले की आतड्याचा भाग करायचा, असा बेत होता. पुष्कळांचे पहिल्याच टप्प्यात बरेच वजन उतरले, दुसऱ्याची गरज पडली नाही, आणि तो टप्पा स्वतंत्र शस्त्रक्रिया म्हणून रूढ झाला.

मराठी वाचकांना इमान अहमद आठवत असतील. सुमारे पाचशे किलो वजन सांगितल्या जाणाऱ्या या इजिप्तच्या महिलेला फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले गेले, आणि ७ मार्चला डॉ. मुफझ्झल लकडावाला यांच्या पथकाने त्यांची स्लीव्ह केली. मे महिन्यात त्यांना अबुधाबीला हलवले गेले. २५ सप्टेंबरला तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांची अवस्था इतर कुणाहीपेक्षा वेगळी होती, तिच्यावरून सामान्य रुग्णाबद्दल काही ठरवू नये. पण त्या महिन्यांत आपण सगळे बातम्यांत काय वाचत होतो? आज किती किलो उतरले. त्या आकड्यावरून वादही झाला. किलोंचा हिशेब हाच आजाराचा हिशेब, ही आपली सवय तेव्हा ठळक दिसली.

स्लीव्हचा दुसरा पैलू म्हणजे आंबट वर येणे. नळी अरुंद, तिच्यात दाब जास्त, त्यामुळे आम्ल अन्ननलिकेत उलटते. फिनलंडमधल्या ‘स्लीव्हपास’ या चाचणीत २४० रुग्णांपैकी काहींची स्लीव्ह आणि काहींचा बायपास झाला. दहा वर्षांनी एंडोस्कोपी केली तेव्हा स्लीव्ह झालेल्यांपैकी ३१ टक्के लोकांच्या अन्ननलिकेला दाह होता. बायपासवाल्यांपैकी ७ टक्क्यांच्या. म्हणजे तीन उशांची झोप ही शस्त्रक्रियेचीच ओळखीची देणगी होती. ताई मात्र ते आपल्या नशिबाचे समजत होत्या.

आधी तडा कुठे आहे ते बघा

कोयनानगरच्या माणसाला हे समजावणे सोपे आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप इथल्या जुन्या माणसांच्या अंगात अजून आहे. धरणाच्या सांडव्याबाहेरच्या काही खंडांना आडवे तडे गेले होते. आधी ते तडे कुठे गेलेत हे शोधले गेले, ते भरले गेले, आणि मग मागच्या बाजूने काँक्रीटचा आधार देऊन भिंत मजबूत केली गेली. तडा न शोधता नुसते काँक्रीट ओतत बसले नाहीत. (योगायोग असा की त्याच १९६७ साली अमेरिकेतल्या आयोवामधून एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी गॅस्ट्रिक बायपासवरचा आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला.)

दुसऱ्या शस्त्रक्रियेआधीही असाच तडा शोधायचा. त्यासाठी चार गोष्टी लागतात.

एक, पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद. डिस्चार्ज कार्ड पुरेसे नाही. ‘ऑपरेशन नोट’ हवी. जठर किती ठेवले, आतडे किती सेंटिमीटरवर जोडले, काही अडचण आली का, हे त्यातच असते. तो कागद मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. ताईंकडे बिलाची पावती जपून ठेवलेली होती, नोट नव्हती. मागवायला तीन आठवडे गेले.

दोन, आतून पाहणे. एंडोस्कोपी, आणि पांढरे औषध पाजून काढलेला एक्स-रे किंवा सीटी स्कॅन. नळी फुगली आहे का, मध्येच पिळवटली आहे का, जठर छातीच्या पडद्यातून वर सरकले आहे का, बायपास असेल तर जुन्या जठराशी पुन्हा वाट झाली आहे का, बँड बसवला असेल तर तो सरकला किंवा आत रुतला आहे का. यातले काही सापडले तर दुरुस्तीला कारण मिळते. काहीच सापडले नाही तर तेही महत्त्वाचे उत्तर आहे: रचना ठीक आहे, आजार वरचढ झाला आहे.

तीन, वजन वाढवणारी औषधे. इन्सुलिन, मधुमेहाच्या काही जुन्या गोळ्या, स्टिरॉइड, फिट्सची आणि मानसिक आजाराची काही औषधे वजन वाढवतात. गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतून बघितली की अर्ध्या तासात पुष्कळ कळते. थायरॉइडही तपासावे.

चार, रोजचे खाणे; पण फौजदारासारखी उलटतपासणी नको. लहान जठरातून चपाती-भाजी अडकते, म्हणून माणूस सहज उतरणाऱ्या गोष्टींकडे वळतो: गोड चहा, बिस्किटे, फरसाण, आइस्क्रीम. हे हावरटपणाने होत नाही. जे गिळता येते ते माणूस खातो. बायपासनंतर दारू लवकर चढते आणि काहींना तिची नवी सवय लागते, तेही विचारावे लागते. माझ्याकडे आलेले एक निवृत्त गृहस्थ दिवसाला नऊ कप चहा घेत होते, प्रत्येकात दोन चमचे साखर. त्यांची रचना तपासली, अगदी चोख होती. त्यांना दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरज नव्हती. चहा, संध्याकाळचा ‘पेग’ आणि इन्सुलिनचा डोस या तिन्हींवर काम करायला एक वर्ष लागले. वजन अकरा किलो उतरले. बातमी होण्यासारखे नाही, पण गुडघे चालू लागले.

कोणत्या दुखण्याला कोणती वाट

कारण सापडले की पर्यायांची गर्दी कमी होते.

बँड असेल आणि त्रास देत असेल तर तो काढावा लागतो. पुढची शस्त्रक्रिया बऱ्याचदा काही महिने थांबून, सूज ओसरल्यावर करतात.

स्लीव्हनंतर आम्ल उलटण्याचा त्रास मोठा असेल तर जुना, दोन जोडांचा बायपास हा सर्वांत विश्वासाचा मार्ग. त्यात वरची जठराची पिशवी छोटी राहते आणि आम्ल व पित्त दोन्ही अन्ननलिकेपासून दूर जातात. पण स्पष्ट सांगायला हवे: छातीतली आग बहुधा शमते, मात्र स्लीव्हचा बायपास केल्यावर वजनातली जादा घट बेताचीच असते. आम्लाचा त्रास असताना नुसती नळी पुन्हा अरुंद करणे हा उलटा उपाय ठरू शकतो. एका जोडाचा बायपास, ज्याला आपल्याकडे ‘मिनी बायपास’ म्हणतात, तो भारतात बराच होतो. पण त्यात पित्त वर येण्याची शक्यता असते, म्हणून तीव्र दाह असलेल्याला तो निवडताना हात आखडता घ्यावा.

आम्लाचा त्रास नाही, पण वजन खूप वाढले, मधुमेह परतला, तर मिनी बायपास किंवा ‘सादी’ नावाची शस्त्रक्रिया पुढे येते. सादीत लहान आतड्याचा बराच भाग वळसा घालून टाळला जातो, त्यामुळे अन्न कमी शोषले जाते. वजनातली घट इथे बायपासपेक्षा जास्त. ताईंना फोनवर सांगितलेली ‘पावरफुल’ ती हीच.

आधीच बायपास झालेला असेल तर गोष्ट सर्वांत अवघड. जुन्या जठराशी वाट झाली असेल तर ती बंद करता येते, सैल झालेला जोड काही ठिकाणी एंडोस्कोपीतून टाके घालून आवळतात. आतडे आणखी लांब वळवले तर वजन उतरते, पण प्रथिनांच्या कुपोषणाचा धोका खरा असतो.

आणि सगळ्या पर्यायांना लागू असलेली गोष्ट: दुसऱ्या शस्त्रक्रियेत जुने चिकटलेले भाग सोडवावे लागतात, रक्तपुरवठा बदललेला असतो. गळती, रक्तस्राव, पुन्हा भरती व्हावे लागणे, हे सगळे धोके पहिल्यापेक्षा जास्त. म्हणून सर्जनला विचारायला संकोचू नका: ‘पहिल्या किती केल्या’ हे नाही, ‘दुसऱ्या किती केल्या, आणि त्यातल्या किती रुग्णांना पाच वर्षांनी भेटलात?’

गावात राहून निभेल का?

आता दुसरा प्रश्न, जो शहरातल्या चर्चेत बहुतेक येतच नाही.

शस्त्रक्रिया जितकी जोरकस, तितकी तिची आयुष्यभराची देखभाल मोठी. फ्रान्समध्ये ‘योमेगा’ नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. दोनशे सेंटिमीटर आतडे वळवणारा एका जोडाचा बायपास वजनाच्या बाबतीत जुन्या बायपासपेक्षा कमी पडला नाही. पण त्या गटातल्या गंभीर दुष्परिणामांपैकी एक पंचमांशाहून जास्त पोषणाच्या कमतरतेचे होते. जुन्या बायपासच्या गटात त्या प्रकारचा एकही नव्हता. किलोंच्या रकान्यात बरोबरी, पोषणाच्या रकान्यात नाही.

कोयनानगरहून कराड दीडेक तासावर. जुलै-ऑगस्टमध्ये कोयना, नवजा, महाबळेश्वरच्या पावसाचे आकडे आपण रोज पेपरात वाचतो. त्याच दिवसांत वाडीवस्तीवरून मुख्य रस्त्यापर्यंत येणे हेच एक काम असते. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला दर काही महिन्यांनी बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, प्रथिने, आणि आतडे जास्त वळवले असेल तर अ जीवनसत्त्व, जस्त, तांबे यांच्या तपासण्या करायच्या आहेत. मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियमच्या गोळ्या आणि रोजची पुरेशी प्रथिने कायमची घ्यायची आहेत. अंडी-मासे न खाणाऱ्या माळकरी घरात प्रथिनांचे गणित आणखी कठीण. गोळ्या संपल्या, पैसे नव्हते, ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सोडल्या. मग दोन वर्षांनी पाय सुजतात, केस गळतात, रात्री दिसेनासे होते.

तीन धोके तर आमच्याच अंगणातले आहेत. पहिला, गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी. बायपासच्या जोडावर तिच्याने अल्सर होतो, रक्तस्राव होतो. ताई रोज एक गोळी घेत होत्या. दुसरा, तंबाखू. धूम्रपानाने जोडावरचा अल्सर वाढतो हे पक्के आहे. म्हणून मी मिश्रीसकट सगळा तंबाखू बंद करायला सांगते. ताईंची मिश्री लग्नाआधीपासूनची. तिसरा धोका आम्हा डॉक्टरांचा: शस्त्रक्रिया झालेला रुग्ण सतत उलट्या करत आला की आपण ग्लुकोजची बाटली लावतो. त्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपलेले असेल तर त्या ग्लुकोजने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. चालताना तोल जाणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, बडबड ही लक्षणे. आधी थायमिनचे इंजेक्शन, मग ग्लुकोज. माझ्या तालुक्यातल्या प्रत्येक सहकाऱ्याने हे लक्षात ठेवावे, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

इंजेक्शनांची नवी वाट

वजन वाढले म्हणजे लगेच पुन्हा शस्त्रक्रिया, हे समीकरण आता औषधांनीही सैल केले आहे. २०२३ मध्ये आलेल्या ‘बारी-ऑप्टिमाइझ’ चाचणीत, शस्त्रक्रियेला प्रतिसाद कमी मिळालेल्या सत्तर जणांपैकी निम्म्यांना लिराग्लुटाइडचे रोजचे इंजेक्शन दिले गेले. चोवीस आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे ९ टक्के उतरले. नुसते सलाईनचे इंजेक्शन मिळालेल्यांचे अर्धा टक्का. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड त्याहून जोरदार आहेत. रचना ठीक असलेल्या रुग्णाला सुरी हातात घेण्याआधी हा पर्याय समोर ठेवायलाच हवा.

पण इथेही तोच प्रश्न: निभेल का? टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले तेव्हा सर्वांत लहान डोसची आठवड्याची कुपी ३,५०० रुपयांना होती. महिन्याला चौदा हजार. सेमाग्लुटाइडचे भारतातले पेटंट मार्च २०२६ पर्यंतचेच होते, त्यामुळे भारतीय कंपन्यांना वाट मोकळी झाली आणि हे गणित बदलते आहे. तरी लक्षात घ्या: सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश परत येते, असे चाचणीतच दिसले आहे. आणि अन्ननलिकेला दाह असताना, जठर वर सरकलेले असताना, इंजेक्शन ती रचना दुरुस्त करत नाही.

सर्जन मित्र यावर म्हणतात, ‘‘तुम्ही फिजिशियन लोक रुग्णाला उशीर करता. मधुमेह, किडनी, हृदय थांबत नाही.’’ ते खरे आहे. ज्याला गरज आहे त्याची शस्त्रक्रिया शरमेपोटी किंवा चालढकलीत रखडणे हेही नुकसानच आहे. तपासणीला दोन-तीन महिने लागतात. दोन-तीन वर्षे नाहीत. माझा आक्षेप शस्त्रक्रियेला नाही, उंची-वजन विचारून फोनवर ठरणाऱ्या शस्त्रक्रियेला आहे.

विमा, आकडा आणि सरकार

आकड्याचा हट्ट विमाही धरतो. विमा नियामकाच्या प्रमाणित अटीप्रमाणे लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळायला बीएमआय ४० हवा, किंवा ३५ आणि सोबत ठरावीक गंभीर आजार. दुसऱ्या वेळी येणारा माणूस पुष्कळदा ३३-३४ वर असतो; मधुमेह परतलेला असतो, पण आकडा पुरत नाही. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेचा विचार २७.५ पासून करावा असे म्हटले आहे. त्यामागचे कारण आपल्याच पुण्यात दाखवले गेले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपले दोघांचे छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. एकच आकडा, दोन वेगळी शरीरे. विम्याच्या अटींनी हे छायाचित्र अजून पाहिलेले दिसत नाही.

सरकारकडे माझी मागणी मोठी नाही. ग्रामीण रुग्णालयात लठ्ठपणाची शस्त्रक्रिया सुरू करा असे मी म्हणत नाही. शस्त्रक्रिया कुठेही होवो, रुग्णाला एका पानाचे कार्ड मिळणे सक्तीचे करा: कोणती शस्त्रक्रिया, किती आतडे, कोणत्या गोळ्या, कोणत्या तपासण्या, काय टाळायचे. आणि बी-१२, फेरिटिन, ड जीवनसत्त्व, अल्ब्युमिन या तपासण्या तालुक्याच्या पातळीवर मिळू द्या. गरोदर बाईचे कार्ड आपण गावोगाव पोहोचवले, तसे हे अवघड नाही.

आता ताईंचे. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला चांगलाच दाह निघाला, जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला. बी-१२ जवळजवळ संपलेले. आम्ही चार महिने घेतले: बी-१२ आणि लोह भरून काढले, गुडघ्याची गोळी बदलली, मिश्री सुटायला सर्वांत जास्त वेळ लागला. मग दुसऱ्या एका सर्जनशी बोलून, ‘पावरफुल’ शस्त्रक्रिया बाजूला ठेवून, जुना दोन जोडांचा बायपास ठरला. कारण तिचा खरा आजार छातीत होता, आणि या बायपासची देखभाल तिला गावात राहून जमणार होती. तिला आधीच सांगितले होते, वजन फार उतरणार नाही. दिवाळीनंतर शस्त्रक्रिया झाली.

गेल्या आठवड्यात ती आली. कार्डावर मी वजन लिहिले, ९० किलो. ते वाचून तिचा चेहरा थोडा पडला.

‘‘एवढंच उतरलं मॅडम.’’

‘‘उशा किती लागतात आता?’’

‘‘एक.’’ मग जरा थांबून म्हणाली, ‘‘नवरा म्हनतो, आता तू घोरायला लागलीस.’’

घोरण्याची तपासणी तिला लिहून दिली. पुढची तारीखही.